महालक्ष्म्यांमागची हिरवी जाळी

माह्या पडद्यायले पहिल्यांदा नावं ठेवली थे माह्या जावेनंच. शालूबाई. अमरावतीहून आली, आमच्या नर्सरीच्या शेडमधी उभी राहिली, वर टांगलेली जाळी पाहिली अन् नाक मुरडून म्हणली, "काय वं वर्षाली, रोपं झाकाची जाळी पडदा म्हणून टांगाले लागली का? उद्या युरियाच्या पोत्याची साडी नेसशील."

मी म्हणलं, "नेसीन ना. तुमाले आवडली तं तुमच्यासाठीबी एक शिवून ठेवीन."

आमचं दोघीचं असंच हाय. लग्न होऊन आली तवापासून पाहून राहिली मी. माह्या हातचं काही चांगलं झालं का थे 'आमच्या घरचं', अन् बिघडलं का थे 'वर्षालीचं'. पुरण सैल झालं, वर्षालीचं. पुरण जमलं, आमच्या घरी असंच होते बापा. पाहुण्यासमोर मी कितीदा जीभ चावली असंल, माह्या जिभेलेच माहीत.

आमी माळी. अकोल्याहून बाळापूरकडं जाताना रस्त्याले लागून आमची नर्सरी हाय. भावाभावायचं वेगळं झालं तवा नर्सरी माह्या नवऱ्याकडं, किशोरकडं आली अन् फुलांच्या सजावटीचा धंदा मोठ्या भावाकडं, गोवर्धनकडं गेला. गोवर्धन माहे भासरे, शालूबाईचा नवरा. धंदा अमरावतीले, म्हणून ते तिकडं राहाले गेले. माह्या सासूबाई माणिकबाई आमच्याकडं राहिल्या. अन् महालक्ष्म्या मोठ्याच्या घरी. मुखवटे, बाळं, देवीचे दागिने, सगळं शालूबाईच्या कपाटात. भादव्यात तीन दिवस सासूबाईले गाडी पाठवून नेतात, देवीजवळ बसवतात, अन् विसर्जन झालं का माह्याकडं परत. वर्षभर गुडघ्याले तेल मी लावते.

असो. पडद्याचं सांगते.

शेडनेट म्हणजे उन्हापासून रोपं झाकाची प्लास्टिकची जाळी. आमच्याकडं तिचे गठ्ठेच्या गठ्ठे येतात. मागच्या उन्हाळ्यात वाऱ्यानं एक जुनी पांढरी जाळी उडून नव्या हिरव्या जाळीवर जाऊन पडली. मी खालून पाहिलं तं दोन जाळ्यायच्या मधी लाटा पळून राहिल्या होत्या. मी चालली का लाटा चालत, मी थांबली का थांबत. कोणी काही काढलेलं नाई, रंगवलेलं नाई, नुसत्या भोकावर भोक आल्यानं. मी तशीच मान वर करून उभी राहिली. पाणी भराले लावलेली टाकी भरून वाहून गेली, किशोर ओरडला, मले ऐकूच आलं नाई.

तिथून सुरू झालं. मी कॉलेजात चित्रकला शिकली हाय, लग्नानंतर रांगोळीच्या पलीकडं थे कुठं कामी आलं नव्हतं. आता आलं. जाळी कैचीनं कापली का तिचे धागे निघतात, म्हणून मी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचा डाग द्याचा गरम रॉड आणला. त्यानं कापलं का कड वितळून पक्की बसते. हिरव्या जाळीत मी पळसाची पानं कापली, कुठं कपाशीची बोंडं, अन् मांगं पांढरी जाळी चार बोटं अंतर सोडून टांगली. वर ठिबकची नळी, खाली ठिबकची नळी, खालच्या नळीत रेती भरली म्हणजे पडदा ताठ लोंबते. मांगून उजेड सोडला का पानं पाण्यात हलल्यासारखी दिसतात. बोटं भाजली, फोड आले, दोन गठ्ठे वाया गेले. सासूबाई म्हणत, "काय जाळून राहिली वं दिवसभर, घरात वास सुटला." पण मले असं सुख कधी झालं नव्हतं, खरं सांगते.

केशवराव नावाचे एक गृहस्थ अमरावतीले नवं मंगल कार्यालय बांधून राहिले होते. माह्या मैत्रिणीनं त्यायले फोटो दाखवले. त्यायचा मलेच फोन आला. म्हणले, "बाई, स्टेजच्या मांगची पूर्ण भिंत हाय. फोटोत काही समजत नाई. चार नमुने पाठवा, डोळ्यानं पाहातो. महालक्ष्म्या झाल्या का काम कोणाले द्याचं थे ठरवून टाकतो."

पूर्ण भिंत! गावोगावचे लोक येतील, लग्नं लागतील, कोणी तरी विचारंल का हे कोणी केलं, अन् केशवराव सांगतील, अकोल्याच्या वर्षालीबाईनं. मले तेवढंच पाहिजे होतं. 'आमच्या घरचं' नाई. वर्षालीनं केलं, एवढं एक वाक्य.

चार पडदे तयार केले. जीव ओतला म्हणतात ना, तसे केले. त्याच आठवड्यात भासरे गाडी घेऊन शेवंतीची रोपं न्याले आले. किशोर म्हणला, "भाऊच्या गाडीत देऊन देऊ. केशवरावाच्या हॉलवर उतरवून देईल."

मी म्हणलं, "नको. मी बसनं घेऊन जाते."

"एवढे लांबलचक पडदे बसमधी? अन् भाऊ काय परका हाय का माहा?"

"भाऊ परका नाई. भाऊच्या घरी कोण हाय थे पाहा."

"तुह्या डोक्यात एकच किडा हाय," किशोर म्हणला, अन् पडदे गाडीत चढले. नवरा चांगला हाय माहा, पण भावासमोर गेला का त्याची जीभ खिशात जाते.

पुढं जे व्हाचं थेच झालं. केशवरावाचा फोन नाई. मी केला तं म्हणले, "बाई, माह्याकडं काहीच आलं नाई." शालूबाईले केला तं म्हणली, "अवं, गाडी हॉलकडून आलीच नाई. घरी हाय पडदे. महालक्ष्म्यायची एवढी घाई, तुह्या जाळ्या घेऊन कोण हिंडते?" मी म्हणलं, मी येऊन घेऊन जाते. म्हणली, "जेवणाच्या दिवशी येशीलच ना. तवा ने." माह्या अंगाची आग आग झाली. पण मी गप राहिली, सणाचे दिवस म्हणून.

जेवणाच्या दिवशी आमी दोघं अमरावतीले पोचलो तं घर माणसानं भरलेलं. पुरणाचा वास, सोळा भाज्यायचा वास, ओट्यावर आंबिलीचं पातेलं. दारातच प्रणाली भेटली, शालूबाईची पोरगी. तिचं लग्न जुळलं होतं, दिवाळीनंतरची तारीख. तिनं मले पाहिलं अन् डोळे खाली घातले. मले तिथंच समजाले पाहिजे होतं.

आत गेली. ज्येष्ठा अन् कनिष्ठा उभ्या, भरजरी साड्या, वर फुलोरा लोंबलेला, करंज्या, पापड्या, वेण्या. अन् दोघीच्या मांगं माहे चार पडदे.

अन् कसे लावले होते! चपटे. भिंतीले खिळे ठोकून चिकटवलेले. दोन जाळ्यायच्या मधलं अंतर दाबून टाकलं होतं, समोरून हॅलोजनचा भगभगीत दिवा सोडला होता. ना लाट, ना पाणी, ना पान. नर्सरीच्या कुंपणाले जाळी बांधतात तशी दिसून राहिली होती. तरी बाया पाहून राहिल्या होत्या, वेगळं काही तरी होतं म्हणून.

"शालूबाई, हे कुठून आणलं वं? भल्लं नवीन दिसते," एक बाई म्हणली.

शालूबाईनं पदर सारखा केला. "आणलं कुठून? मीच केलं. रात्रीचं बसून बसून केलं. देवीसाठी हौस असते ना एखाद्याले."

मी तिथंच होती. तिच्या मांगं. तिनं मले पाहिलं नव्हतं असं नाई, पाहिलं होतं. पाहून म्हणली.

अन् तेवढ्यात बैठकीतून एक जाडजूड माणूस उठून पुढं आला, गंध लावलेला, हातात चष्मा. भासऱ्यायनं जेवाले बोलावलेले, केशवराव. मी त्यायले पहिल्यांदा पाहात होती, फोनवरच्या आवाजावरून ओळखलं. ते म्हणले, "शालूताई, तुमच्या हातात ही कला हाय अन् तुमी आमाले सांगत नाई? मी अकोल्याच्या एका बाईले असेच नमुने मांगितले होते, तिचे तं आलेच नाईत. भिंतीचं काम तुमीच करा. मंग बोलू आपण, जेवण झाल्यावर."

"करू ना," शालूबाई म्हणली.

माहं डोकं फिरलं. पाहुणे, देवी, सण, काही म्हणजे काही दिसलं नाई मले.

"अकोल्याची बाई मीच हाय," मी म्हणलं. "अन् हे पडदे माहे हाय. तुमच्याकडं पाठवले होते. मधीच गिळले इथं."

भासरे धावत आले, "वर्षाली, देवीसमोर आवाज नको. जे काय असंल थे उद्या पाहू."

"उद्या काहून? चोरी आज झाली अन् उद्या पाहू?"

"चोरी कोणाले म्हणते वं?" शालूबाईचा आवाज माह्यापेक्षा वर गेला. "जाळी तुमच्या नर्सरीतली असंल, नाई कोण म्हणते. कापली माह्या हातानं. तुह्याकडं काय पुरावा हाय? नाव लिहिलं हाय का तुहं त्याच्यावर?"

"हे पाहा पुरावा!" मी दोन्ही हात पुढं केले. बोटावरचे डाग, फोडाच्या जागा. "तुमची बोटं दाखवा."

तिनं हात पदराखाली घेतले. "मले काम कराची सवय हाय. मी भाजून घेत नाई."

मी किशोरकडं पाहिलं. "सांगा ना तुमी! गाडीत तुमीच ठेवले ना?" किशोर आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहून राहिला होता. त्याच्याकडं त्याचा भाऊ पाहून राहिला होता. "तसं... म्हणजे... भाऊले माहीत असंल," तो म्हणला. मले वाटलं आता याच्याच डोक्यात आंबिलीचं पातेलं उपडं करावं.

केशवरावायनं चष्मा घातला, काढला. "घरचा मामला दिसते. मी मंग दुसरीकडंच पाहातो," ते म्हणले अन् चप्पल शोधाले लागले. माही भिंत चालली होती दाराबाहेर.

तवा माणिकबाई बोलल्या. सासूबाई देवीच्या बाजूले खुर्चीत बसल्या होत्या.

"केशवराव, बसा. जेवल्याबिगर कोणी जात नाई या घरातून." मंग शालूबाईकडं वळल्या. "शालू, हे तू केले म्हणते?"

"हो आई. मीच."

"देवीच्या मांगं आजवर आपण साडी सोडत होतो. यंदा हे नवं मांडलं. कोणाले विचारून मांडलं?"

"हौस म्हणून मांडलं आई."

"हौस चांगली हाय. पण तुले या घरचं माहीत हाय ना? महालक्ष्म्यायपुढं जे एकदा मांडलं थे दर साली मांडाच लागते. नवं करून. अन् ज्या हातानं पहिल्यांदा केलं त्याच हातानं. माह्या सासूनं एका साली फुलोऱ्यात साखरेचे पोपट टांगले होते. डोळे गेले, हात कापे, तरी मरेपर्यंत तिनंच केले. एका साली आजारी पडली, नाई केले, तं त्या साली घरात काय झालं थे गोवर्धनले माहीत हाय."

भासऱ्यायनं मान खाली घातली. त्यायची एक बहीण त्या साली वारली होती, तिच्या लग्नाच्या आधी. घरात थे कोणी बोलत नाई.

"तं पुढच्या भादव्यापासून असे चार पडदे दर साली नवे," माणिकबाई म्हणल्या. "तुह्या हातचे. जमंल ना? नाई जमलं तं आजच सांग. पोरीचं लग्न हाय तुह्या."

शालूबाईच्या तोंडावरचा रंग मी उतरताना पाहिला. खरं सांगते, अंगावर काटा माह्याबी आला, मी काही देवीबाहेरची नाई. तिनं प्रणालीकडं पाहिलं. मंग पडद्याकडं पाहिलं, कापलेल्या पानायकडं, वितळलेल्या कडांकडं. तिले साधी जाळी कोणती अन् दाट जाळी कोणती हेबी ओळखता येत नाई. डोक्यात हिशेब चालला होता, थो डोळ्यात दिसत होता.

अन् मंग ती हसली. थे हसणं मी विसरणार नाई.

"आई, देवीसमोर खोटं कशाले बोलू," ती म्हणली. "गंमत केली मी. वर्षालीनंच केले हे. तिच्याच हातचे हाय, चारही." मंग माह्याकडं वळून, सगळ्यायले ऐकू जाईल अशी, "घे वं बाई. तुहंच हाय ना? मंग सांभाळ आता जलमभर. दर भादव्यात माह्या दारी ये, नवे करून आण, माह्या घरच्या महालक्ष्म्यायमांगं टांग, अन् जा. चुकलं तं पाप तुह्या माथी."

बैठकीतल्या बाया माह्याकडं पाहाले लागल्या. केशवराव एक पाय चपलेत घालून थांबले. किशोर पुटपुटला, "वर्षाली, राहू दे ना. नको म्हण. असंल कोणाचं तरी."

नाई म्हणलं तं सुटली असती मी. पडदे कोणाचेच नाई, बाजारातून आले, विषय संपला. भिंतबी गेली असती, पण मोकळी राहिली असती. हो म्हणलं तं या बाईच्या उंबऱ्यावर दर साली यावं लागंल, हात जळो का मोडो, हिचं तोंड पाहावं लागंल, माह्यानंतर माह्या सुनेले सांगावं लागंल. मी 'मानत नाई' असं मनात म्हणून पाहिलं. जीभ वळली नाई. ज्येष्ठेचे डोळे समोरच होते.

"हो, माहेच हाय," मी म्हणलं. "वर्षालीनं केले. ऐकलं ना केशवराव? वर्षालीनं."

"ऐकलं बाई," ते म्हणले.

"मंग आता चप्पल काढून ठेवा अन् हे खरे कसे दिसतात थे पाहून जा. आई, देवीले धक्का लागू देत नाई, पण हे असे राहू देणार नाई मी. माह्या नावानं लागले तं माह्यासारखे लागतील."

माणिकबाईनं मान हलवली. "लाव."

स्टूल आणला. डुगडुगत होता, एक पाय आखूड. मी वर चढली. खाली फुलोरा, बाजूले देवी, हात जराही चुकला असता तं संपलंच असतं.

"धरा," मी म्हणलं.

किशोर पुढं आला. "तुमी नाई," मी म्हणलं. "तुमी भाऊजवळ उभे राहा, तिथं बरे दिसता. शालूबाई, तुमी धरा."

"मी?"

"घर तुमचं, देवी तुमच्या घरची, स्टूल तुमचा. धरा. पडली तं देवीवरच पडीन."

तिनं आजूबाजूले पाहिलं. सगळे पाहून राहिले होते. सासूबाई पाहून राहिल्या होत्या. शालूबाई खाली वाकली, भरजरी पदर खोचला अन् दोन्ही हातानं स्टूल धरला. मी खिळे उपटले. हिरवी जाळी पुढं आणून फुलोऱ्याच्या काठीले बांधली, पांढरी मांगं सारली, मधी चार बोटं अंतर सोडलं. ठिबकच्या नळ्या सरळ केल्या. हॅलोजन बंद कराले लावला अन् फुलोऱ्यावरची दिव्याची माळ काढून पडद्याच्या मांगं सोडली.

कोणी तरी बाई "आई गं" म्हणली. पानं हलाले लागली. देवीच्या दोन्ही बाजूनं पाणी वाहाले लागलं. केशवराव एक पाऊल डावीकडं गेले, पाणी डावीकडं गेलं. ते उजवीकडं आले, पाणी उजवीकडं आलं. लहान पोरासारखे दोन तीनदा असेच हिंडले.

"बाई, भिंत तुमची," ते म्हणले. "सोमवारी हॉलवर या. माप घ्या."

मले रडू येऊन राहिलं होतं, पण स्टुलावर उभी राहून कोण रडते. खाली शालूबाई वाकलेली, कपाळावर घाम, दातावर दात. तिनं वर पाहिलं. "झालं का? का अजून मिरवाचं हाय? उतर आता."

मी उतरली नाई. वरूनच विचारलं, "आई, एक विचारू? देवीसमोर जे एकदा केलं थे दर साली कराच लागते ना? त्याच हातानं?"

"हो," माणिकबाई म्हणल्या. "त्याच हातानं."

"मंग शालूबाई," मी म्हणलं, "पुढच्या भादव्यात मी पडदे घेऊन येतेच. पण स्टूल तुमीच धराचा. दर साली. असाच, वाकून."

बाया पदर तोंडाले लावून हसाले लागल्या. शालूबाईनं सासूबाईकडं पाहिलं, त्या नाई म्हणतील या आशेनं. माणिकबाई फुलोऱ्याकडं पाहून राहिल्या होत्या. "आरतीचं ताट आणा," त्या म्हणल्या. "अन् शालू, स्टूल सोडू नको, ती उतरेपर्यंत."